उरलेल्या वाइनची बरणी

शनिवार, अकरा ऑक्टोबर. जर्मनीतलं कायझर्सलाउटर्न, तिसरा मजला, लिफ्ट नाही. हजर : मादाम ओदील, वय ब्याऐंशी, त्यांचा मुलगा ल्युक, हातात खोकी बंद करायची टेप, खालच्या मजल्यावरच्या फ्राउ बेकर, पिशवीत स्वतःचा ग्लास घेऊन, मी, आणि माझी चौदा वर्षांची मुलगी सई, कानात इअरफोन. गैरहजर : मस्यू जेरार, म्हणजे मादामचे यजमान. त्यांना जाऊन काही वर्षं झाली, पण त्यांची खुर्ची जागेवर होती. विषय एकच : ओट्यावरच्या बरणीचं काय करायचं.

ल्युक आईला फ्रान्सला स्वतःकडे घेऊन चालला होता. घर रिकामं करायचं होतं. कपाटं कोणाला, पलंग कोणाला, सगळं ठरलं होतं. राहिली होती ती ही बरणी. तपकिरी, मातीची, तोंडावर फडकं बांधलेली, खाली लाकडी तोटी. आत व्हिनेगर. घरात उरलेली वाइन तिच्यात ओतायची, तिचं व्हिनेगर होतं. आत एक मऊ, बुळबुळीत, यकृताच्या रंगाचा थर असतो, तो हे काम करतो. तो थर मादामच्या सासूबाईंकडून आलेला, आणि त्यांच्याकडे त्यांच्या सासूबाईंकडून.

"आई, व्हिनेगर दुकानात मिळतं," ल्युक म्हणाला.

"मुलगेही मिळाले असते, तर मी एक बदलून आणला असता," मादाम म्हणाल्या.

ल्युकच्या बायकोला वास चालत नाही. फ्राउ बेकर नव्वदीला टेकलेल्या. तेव्हा संध्याकाळपर्यंत कोणी नेली नाही, तर ल्युक ती सिंकमध्ये ओतणार होता. मादाम ओतू देणार नव्हत्या. आणि सगळे माझ्याकडे बघत होते, कारण मी गाडी घेऊन आले होते.

निकाल शेवटी सांगते. आधी मादाम.

मी मेकॅनिकलचं मास्टर्स करायला पुण्याहून इथे आले, तेव्हा वोनहाइममध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, जागा नव्हती. एका मराठी सिनियर मुलीच्या, अनघाच्या, खोलीत जमिनीवर झोपायचे. तिथल्या हाउसमाइस्टरने, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या माणसाने, मला दोनदा पाहिलं. "अजून एकदा पाहिलं तर आपण दोघीही बाहेर," अनघा म्हणाली. त्याच आठवड्यात कॅन्टीनच्या फळ्यावर चिठ्ठी दिसली : खोली, मुलीसाठी, जेवणासह. ‘जेवणासह’ ही मी सोय समजले. ती अट होती.

संध्याकाळी मी बॅग, कुकर आणि पाठ केलेली जर्मन वाक्यं घेऊन तीन जिने चढले. दार मादामनी उघडलं. तेव्हा त्या साठीच्या होत्या. ठेंगण्या, रुंद, तोंडात केसांची पिन, हातात डाव. त्यांनी पिन काढली आणि माझ्या दोन्ही गालांना गाल लावले. मी नमस्कारासाठी हात जोडले होते, ते मधे चेंगरले.

"चल, बस जेवायला."

"मी जेवून आलेय," मी म्हटलं.

आपल्याकडे पहिल्यांदा असंच म्हणायचं असतं. समोरचा म्हणतो, असं कसं, दोन घास तरी खा. मग आपण नको नको म्हणत पाट सरकवून घेतो. मी त्या ‘असं कसं’ची वाट पाहत उभी राहिले. मादामचा चेहरा पडला. बोहल्यावर चढायच्या वेळी नवरीने ‘मी लग्न करूनच आलेय’ म्हणावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे येताना? जेवून?"

पाठ केलेल्या वाक्यांतून मी ‘खूप आभारी आहे’ हे काढलं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मग बस, आणि आम्ही कसे जेवतो ते बघ."

मी बघितलं. आधी सूप. मग बटाट्यांचं काहीतरी, वरून भाजून सोनेरी झालेलं. मग सॅलड. लांबलचक पाव ताटलीत नाही, थेट टेबलावर. प्रत्येक पदार्थाच्या मधे ते दोघे थांबत आणि बोलत, म्हणजे मादाम बोलत. मस्यू जेरार उंच, वाकलेले, एका यंत्रांच्या कारखान्यात टर्नर होते आणि घरी फारसं तोंड उघडत नसत. माझ्याकडे न बघता ते एका बोटाने पाव माझ्या बाजूला ढकलत राहिले. चीज येईपर्यंत मी अर्धा पाव संपवला होता.

"म्हणते जेवून आलेय," मादाम नवऱ्याला म्हणाल्या. "तिकडे जेवण कशाला म्हणतात कोण जाणे."

मग चीज कापायची माझी पाळी आली. त्रिकोणी तुकडा होता. मी टोक कापलं, कारण टोक जवळ होतं. मादामनी सुरीवरचा माझा हात धरला. टोकाशी चीज सगळ्यांत मऊ असतं. ते कापणं म्हणजे सगळ्यांचा वाटा एकटीने उचलणं. त्रिकोणाच्या बाजूने लांब काप घ्यायचा, म्हणजे प्रत्येकाला थोडं टोक, थोडी कड. हे त्यांनी मला करून दाखवलं, आणि मग शांतपणे म्हणाल्या, "एक महिना बघू. जी माझ्या टेबलावर नीट जेवत नाही, तिने माझ्या घरात झोपावं कशाला?"

मी शाकाहारी आहे हे अजून सांगायचं होतं.

ते दुसऱ्या दिवशी सांगितलं. मादामनी मंडईत घासाघीस करावी तशी सुरुवात केली.

"मांस नाही. बरं. कोंबडी?"

"नाही."

"मासा?"

"नाही."

"हे एवढे एवढे तुकडे? हे काही मांस नाही, ही चव आहे."

"मादाम, ते डुक्कर आहे."

"होतं," त्या म्हणाल्या.

मस्यू जेरारनी वर्तमानपत्र खाली केलं. "गाय काय खाते? तेच हिला दे. गाय ठणठणीत असते." आणि वर्तमानपत्र पुन्हा वर. महिनाभरात माझ्या बाजूने टेबलावर पडलेलं हे एकमेव मत.

मला आखणी लागते. मी त्या महिन्याचा कार्यक्रम कागदावर मांडला : सोमवारी सूप चालेल, पण कशाच्या पाण्यातलं ते विचारायचं; मंगळवारी अंड्याचं चालवून घ्यायचं; शुक्रवारी आपण काहीतरी करायचं. मादामनी तो कागद वाचला आणि त्यावर मटार सोलले.

आता त्यांच्याबद्दल आणखी एक. ते दोघे जर्मनीत दोन वर्षांसाठी आले होते. मी आले तेव्हा त्याला तीस वर्षं झाली होती. दोन वर्षांसाठी पडदे कशाला शिवायचे, म्हणून खिडक्यांना जुन्या चादरी लावल्या होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आता पुढच्या वर्षी जाणारच आहोत." मोठं कपाट घेतलं नाही. जर्मनही तात्पुरतं शिकल्या. वाक्य जर्मनमध्ये सुरू व्हायचं, मधे फ्रेंच रस्त्याला लागायचं आणि ‘आल्झो’, म्हणजे ‘तर मग’, म्हणत परत यायचं. मला तेव्हा फार हसू यायचं. आमच्या आताच्या न्युरेम्बर्गच्या घरी देवघर अजून बुटांच्या खोक्यावर आहे, कारण पाच वर्षांनी परतच जायचं होतं. ते जर्मनीत अठरावं वर्ष लागल्यावर लक्षात आलं.

घराचे नियम त्यांना मान्य नव्हते, म्हणजे इमारतीचे. जर्मन माणूस रविवारी भिंतीत खिळा ठोकत नाही. मादाम रविवारीच मांसाचे काप लाकडी हातोडीने ठोकत. खालून फ्राउ बेकर झाडूच्या दांड्याने छताला ठोके द्यायच्या. या वरून दोन ठोके परत द्यायच्या, मग ओव्हनमधून फळांचा टार्ट काढायच्या, एक मोठा तुकडा कापायच्या आणि मला खाली पाठवायच्या.

"सॉरी म्हणू का त्यांना?" मी पहिल्यांदा विचारलं.

"सॉरी कशाला? टार्ट आहे, माफीनामा नाही."

फ्राउ बेकरनी टार्ट घेतला, दार लावलं, आणि पाच मिनिटांनी रिकामी ताटली घेऊन वर आल्या. इमारतीचे नियम त्यांनी दारातच वाचून दाखवले. मादाम "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणत त्यांना आत घेत गेल्या आणि खुर्चीत बसवलं. चीज येईपर्यंत फ्राउ बेकर आठव्या नियमावर होत्या. पुढच्या रविवारी त्या झाडू न आपटता सरळ वर आल्या, स्वतःचा ग्लास घेऊन, कारण मादामचे ग्लास त्यांना नीट धुतलेले वाटत नव्हते.

उठायचं नाही, हा मादामच्या टेबलाचा एकच नियम. चीज होईपर्यंत कोणीही, कशासाठीही टेबलावरून उठायचं नाही. फोन वाजला तर वाजू दे. माझी असाइनमेंट असली तर असू दे. पहिल्या दोन आठवड्यांत मला वाटलं, ही बाई मला नापास करणार आणि हाकलणारही, दोन्ही एकदमच.

अशात दह्याचं झालं. मला अनघाने स्टीलच्या डबीत विरजण दिलं होतं. रात्री जेवण झाल्यावर मी कोमट दुधाला विरजण लावलं आणि वाटी झाकून हीटरवर ठेवली. सकाळी वाटी रिकामी. स्वच्छ धुऊन, उपडी.

मी काय समजायचं? मस्यू जेरार सगळ्यांआधी उठत. कामावर जाता जाता त्यांनी खाल्लं असणार. मला बरंच वाटलं. माझ्या बाजूचा माणूस आहे, खाऊ दे. दुसऱ्या रात्री मोठी वाटी लावली. सकाळी तीही उपडी. तिसऱ्या रात्री पातेलंच लावलं, दोघांना पुरेल एवढं. सकाळी पातेलं चकचकीत, आणि माझी विरजणाची डबी रिकामी.

शुक्रवारी जेवताना मी जरा दबकतच म्हटलं, "मस्यू जेरार, दही आवडलं ते छानच झालं. पण विरजणापुरतं थोडं ठेवत जा."

मस्यू जेरारनी मागे वळून बघितलं, मागे कोणी दुसरे मस्यू जेरार आहेत का म्हणून. मादाम लाल झाल्या.

"ते दूध," त्या म्हणाल्या, "तू मुद्दाम ठेवत होतीस?"

त्यांना वाटलं होतं, ही मुलगी दूध फ्रिजमध्ये ठेवायला विसरते. रोज. तेही हीटरवर. सकाळी घट्ट, आंबलेलं बघून तिला शरम वाटू नये म्हणून त्या माझ्याआधी उठून ते गुपचूप सिंकमध्ये ओतायच्या आणि भांडं घासून ठेवायच्या.

"मी जेरारला सांगत होते, एवढी शिकलेली पोर, पण घरच्या काळजीने डोकं ठिकाणावर नाही. आज म्हणे पातेलंभर विसरली."

"मला वाटलं मस्यू खातात."

"मला कोणी विचारलंच नाही," मस्यू जेरार म्हणाले.

मग मी सांगितलं. रोजच्या दह्यातलं चमचाभर मागे ठेवायचं, ते उद्याच्या दुधाला लावायचं. माझ्या आईकडचं आजीकडून आलं होतं, आणि घरात विरजण संपलं की शेजारून आणायचं. मी बोलत होते आणि मादाम चक्क उठल्या. चीज यायचं होतं, तरी उठल्या. ओट्यावरची बरणी दोन्ही हातांनी उचलून त्यांनी टेबलावर आणली, फडकं सोडलं आणि माझं डोकं धरून आत वाकवलं. नाकात झिणझिण्या आल्या. आत तो थर तरंगत होता.

"ही माझ्या सासूची," त्या म्हणाल्या. "म्हातारीशी माझं एक दिवस पटलं नाही. पण हिला मी उपाशी ठेवलं नाही."

मग त्यांनी बरणीकडे बघितलं, माझ्या उपड्या पातेल्याकडे बघितलं, आणि फ्रेंचमध्ये स्वतःलाच काहीतरी लागेल असं बोलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कोट घालून तयार. "चल, कुठून मिळतं ते." आम्ही दोघी वोनहाइममध्ये अनघाकडे गेलो. हाउसमाइस्टर दारातच उभा. तिसऱ्यांदा पाहिलं मला त्याने. काही बोलायला त्याने तोंड उघडलं, तोवर मादामनी त्याच्या दोन्ही गालांना गाल लावले आणि पुढे चालू लागल्या. तो आम्ही परत येईपर्यंत तिथेच उभा होता. येताना विरजणाचा कप मादामनी कोटाच्या आत, छातीशी धरला होता. थंडी लागू नये म्हणून. विरजणाला.

त्या आठवड्यात मी आमसुलाची आमटी केली. मादामच्या मते मसूर थंड खायचे आणि त्यावर व्हिनेगर घालायचं. त्यांनी एक चमचा चाखला, थांबल्या, पुन्हा चाखला. "हे आंबट कुठल्या वाइनचं?" मी आमसूल दाखवलं. त्यांनी ते चघळलं, तोंड वाकडं केलं आणि आणखी एक उचललं. मस्यू जेरार आमटीत पाव बुडवत होते आणि बोलत नव्हते, म्हणजे नेहमीसारखेच, पण तीनदा घेतली.

महिना संपल्यावर कोणी काही बोललंच नाही. मी मनातल्या मनात बॅग भरत होते. रविवारी जेवायला बसले, तर माझ्या ताटाशी कागदी नॅपकिन नव्हता. त्या घरात प्रत्येकाचा कापडी नॅपकिन स्वतःच्या कड्यात गुंडाळलेला असे, पाहुण्यांना कागदी. माझ्या ताटाशी कापडी होता आणि त्याला पितळेचं कडं. मस्यू जेरारनी कारखान्यातल्या तुकड्यातून लेथवर काढलेलं, कड घासून गुळगुळीत केलेलं.

"भाड्याचं काय, कधीपर्यंत राहू?" असलं काहीतरी मी बावळटासारखं विचारलं.

"सूप निवतंय," मादाम म्हणाल्या.

मी तिथे शिक्षण संपेपर्यंत राहिले.

एकदा बरणीतली पातळी खूप खाली गेली होती. मी तोडगा काढला : दुकानातून स्वस्त बाटली आणू आणि ओतू. मादामनी हातातलं काम थांबवलं. "उघडून सरळ आत? ज्या बाटलीजवळ कोणी बसलंच नाही, ती बरणीला काय सांगणार?" नियम असा, की वाइन उरलेलीच हवी, माणसं जेवली, बोलली, आणि तळाशी राहिली तेवढीच. मस्यू जेरार गेल्यावर मला वाटलं, आता ही बरणी संपली. एकट्या बाईने बाटली उघडायची नाही, हाही त्यांचाच नियम. पण दर रविवारी फ्राउ बेकर स्वतःचा ग्लास घेऊन जिना चढत राहिल्या.

तर, अकरा ऑक्टोबर.

मी ओट्यापाशी उभी राहून मुद्दे मांडले. एक, आमच्या घरी कोणी पीत नाही. मंदार, माझा नवरा, बिअरचाही वास घेत नाही, आणि जर्मनीत हे सांगायला धैर्य लागतं. दोन, आमचं किचन लहान. तीन, न्युरेम्बर्गपर्यंत गाडीत वास येणार.

सईने इअरफोन काढून बरणीत डोकावलं आणि जर्मनमध्ये म्हणाली, "आई, हे जिवंत आहे."

"हो, हो," फ्राउ बेकर म्हणाल्या. "माझ्यापेक्षा जास्त."

"मादाम," मी म्हटलं, "आम्ही पीतच नाही, तर मी तिला घालू काय?"

"तू पिऊ नकोस," मादाम म्हणाल्या. "तू उरव."

"म्हणजे?"

"माणसं बोलाव. त्यांनी प्यायची. तू फक्त उठू देऊ नकोस."

ल्युक टेप हातात घेऊन सिंककडे बघत होता. मी गाडीची किल्ली शोधायला लागले. मादामनी ते पाहिलं आणि बरणीचं फडकं सोडून नव्याने, आवळून बांधायला घेतलं. बोटं वाकडी झालीत आता. गाठ तीनदा सुटली. कोणी मदत केली नाही, कारण त्यांनी करू दिली नसती.

खाली ल्युकच्या गाडीत त्या मागच्या सीटवर बसल्या. मांडीवर घडी केलेल्या खिडकीच्या चादरी. निरोपाचं मला जे काही बोलायचं होतं ते मी जिन्यातच ठरवलं होतं. गाडी निघताना त्यांनी काच खाली केली. मी पुढे वाकले.

"फडकं," त्या म्हणाल्या. "झाकण लावशील तर मरेल ती."

आणि काच वर.

त्याला आता सात आठवडे होतील. बरणी आमच्या ओट्यावर आहे. जागा केली, मिक्सर कपाटात गेला. खाली ताटली ठेवली. फडकं मधे एकदा बदललं. माझ्या यादीतली ही सगळी कामं झाली, त्यांच्यापुढे बरोबरच्या खुणाही झाल्या. आमच्याकडे मंदार कॉल चालू ठेवून जेवतो, सई ताट खोलीत नेते, मी ओट्याशी उभ्याने. वीस मिनिटांत भांडी मशीनमध्ये. याचं मला आजवर कौतुक होतं.

मंदार म्हणतो, "एक बाटली आणू, ओतू, विषय संपला." मी त्याला सांगितलं, तसं चालत नाही. "कोणाला कळणार आहे?" तो म्हणाला. मी बरणीकडे पाहिलं.

दर रविवारी मादामचा फोन येतो. व्हिनेगरची चौकशी त्या करत नाहीत. "आज कोण होतं जेवायला?" एवढंच विचारतात. मी म्हणते, या रविवारी नाही जमलं. त्या म्हणतात, "बरं," आणि मग ल्युकच्या बायकोचं सूप किती पाणचट असतं ते सांगतात.

काल तोटीखाली चमचा धरला. आंबटपणा उतरत चाललाय. खोक्यातून ते पितळेचं कडं काढून ठेवलंय. वाइन कोणती घ्यायची ते दुकानदाराला विचारता येईल. वरच्या मजल्यावर एक बाई राहायला आल्या आहेत, अजून नाव विचारलेलं नाही. त्या रविवारी काहीतरी ठोकत असतात आणि मी अलीकडे छताकडे बघते.

कागदावर येत्या रविवारची तारीख घातली आहे. खाली ‘हजर’ असं लिहून ठेवलंय. पुढची जागा अजून मोकळी आहे.